आम्हीच नाही म्हटलं

कळसाडीच्या गिरधर पाटलांची सुगंधा नववीत होती तेव्हा गावात देवी टोचणारे एक गृहस्थ आले होते. शाळेच्या ओट्यावर त्यांनी टेबल मांडलं आणि नावं लिहायला कुणीतरी चांगल्या अक्षराचं द्या म्हणून मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी सुटीत घरी असलेल्या सुगंधाला बसवलं. ती तीन दिवस नावं लिहीत होती. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ जेवायला गेले नाहीत, कारण बायकांची रांग हटेना, आणि पुरुषाच्या हातून टोचून घ्यायला त्या दंड पुढे करीनात. शेवटी त्यांनी सुगंधाला दाखवलं, असं धरायचं, एवढंच ओरखडायचं. संध्याकाळपर्यंत तिने साठ-सत्तर बायकांना टोचलं. जाताना ते गिरधर पाटलांना म्हणाले, पोरीचा हात धीट आहे, हिला डॉक्टर करा.

ते सहज बोलून गेले असतील. पण घरात दोन माणसांनी ते मनावर घेतलं, एक सुगंधाने आणि दुसरं तिच्या बापाने.

गिरधर पाटील चाळीशीचे, अंगाने आडवे, बोलायला मोठे. थोरल्या भावाबरोबर एकत्र कुटुंबात राहत होते. थोरले भिला पाटील, त्यांना सगळं गाव जिभाऊ म्हणे. कापूस कधी विकायचा, बैल कुठला घ्यायचा, पोरीला कुठल्या गावी द्यायचं, हे जिभाऊ ठरवत. सुगंधा शहाद्याच्या हायस्कुलातून मॅट्रिक झाली तेव्हा जिभाऊंनी सारंगखेड्याचं एक स्थळ काढलं होतं. गिरधर पाटलांनी ते होऊ दिलं नाही आणि पोरीला धुळ्याला कॉलेजात घातलं. वसतिगृहात ठेवलं. तालुक्यातल्या त्यांच्या जातीतली ती पहिली मुलगी. लोक काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही. गिरधर पाटील बाजारात मुद्दाम छाती काढून फिरायचे.

हे १९६३ साल. सुगंधा इंटर सायन्सला होती. इंटरच्या मार्कांवर मेडिकलची जागा मिळे, आणि त्याआधी मुलाखत होई. दिवाळीच्या तीन-चार महिने आधी शहाद्याचे जिनिंगवाले चुनीलाल शेठ गिरधर पाटलांना म्हणाले की नुसत्या मार्कांनी भागत नाही. पुण्यात देवस्थळी म्हणून एक प्रोफेसर आहेत. ते दिवाळीच्या सुटीत तीन आठवडे क्लास घेतात, मे महिन्यात मुलाखतीची तयारी करून घेतात, आणि त्यांचा शब्द चालतो. चुनीलाल शेठचा मुलगा तिथूनच मेडिकलला लागला होता. फीही त्यांनी सांगितली. त्या पैशात चांगली बैलजोडी आली असती.

घरी जिभाऊंनी साफ नकार दिला. मुलगा असता तर विचार केला असता, म्हणाले. शिवाय शिकून ती दुसऱ्याच्याच घरी जाणार. गिरधर पाटील ऐकेनात. जेवताना, खळ्यावर, पाहुण्यांसमोर सगळीकडे त्यांनी हाच विषय काढला. कापसाचा आपला वाटा वेगळा मागितला. घरात असं कधी झालं नव्हतं. सुगंधाची आई धनुबाई गळ्यात तुळशीची माळ घालणारी, शांत बाई. ती म्हणाली, पोरीपायी घर फोडू नका. गिरधर पाटलांनी तिलाही जुमानलं नाही. शेवटी जिभाऊंनी पैसे आणून त्यांच्यापुढे टाकले आणि उठून गेले. दोघे भाऊ दहा दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

सुटी लागली तशी बापलेक पुण्याला निघाली. शहाद्याहून एस.टी., पुढे रेल्वे. गिरधर पाटलांनी नवं धोतर नेसलं होतं, पैसे बंडीच्या आतल्या खिशात शिवून घेतले होते. पुण्यात एका धर्मशाळेत उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसर देवस्थळींच्या घरी गेले.

घर नीटनेटकं होतं. बाहेरच्या खोलीत सात मुलं वह्या घेऊन बसली होती. देवस्थळी पन्नाशीचे, मृदू बोलणारे. त्यांनी चुनीलाल शेठचं पत्र वाचलं, गिरधर पाटलांना खुर्ची दिली आणि सुगंधाला एक कागद देऊन पाच प्रश्न लिहायला सांगितले. तिने लिहिले. त्यांनी वाचले आणि भुवया उंचावून पुन्हा एकदा वाचले.

"छान," ते म्हणाले. "आता तोंडी सांग. बेडकाच्या हृदयाची रचना काय असते?"

सुगंधा उभी राहिली. "बेडकाच्या हृदयात तीन कप्पे शे..." घरची बोली तोंडात आली तशी ती थांबली. "आहेत."

मुलं हसली. देवस्थळींनी त्यांना हात करून गप्प केलं. ते रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. ते गिरधर पाटलांकडे वळले आणि समोर ती नसल्यासारखं बोलू लागले. मुलगी हुशार आहे, मेहनती दिसते, अभ्यासाची चिंता नाही. पण हिला माणसांत आणावं लागेल. इंग्रजी तर करून घेऊच, मराठीही पहिल्यापासून सुधारावी लागेल. घरची बोली आजपासून बंद, घरी गेल्यावरसुद्धा. गाव विचारलं तर धुळे सांगायचं. वडील काय करतात विचारलं तर बागायतदार म्हणायचं, शेतकरी म्हणायचं नाही. एकेका गोष्टीला गिरधर पाटील मान हलवत होते. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, टोपी काढून त्यांनी मांडीवर धरली होती.

"आणि एक सांगतो, राग मानू नका," देवस्थळी म्हणाले. "मुलाखतीच्या दिवशी तुम्ही तिच्यासोबत येऊ नका. समितीची माणसं येता-जाता बघतात. उगाच मुलीचं नुकसान नको."

"बरोबर शे साहेब," गिरधर पाटील म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "नही येवाव मी."

सुगंधाने बापाकडे पाहिलं. तीन महिने सगळ्या घराशी, गावाशी भांडलेला हा माणूस इथे हात जोडून बसला होता. त्यांनी बंडीत हात घातला, आतली शिवण उसवायला लागले.

"आबा, पैसा काढू नका," ती म्हणाली. "चाला."

गिरधर पाटलांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. देवस्थळी हसून म्हणाले, मुली भावनेच्या भरात असं करतात, तुम्ही तिची समजूत घाला, मी थांबतो. सुगंधा त्यांना शुद्ध मराठीत म्हणाली, "सर, तुमची सात मुलं थांबली आहेत. मला क्लास लावायचा नाही." तिने नमस्कार केला, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून फाटकाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ बाप बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला होता.

धर्मशाळेतून त्यांनी वळकटी उचलली. रेल्वेत बसल्यावर, दोन-तीन स्टेशनं गेल्यानंतर त्यांना राहवलं नाही.

"तीन महिना मी घरमा भांडनू. कोनाकरता?"

"मन्हाकरता," ती म्हणाली. "पन तठे तुम्ही हात जोडीसन बसनात, ते माले देखायनं नही."

"मन्हा हात मी जोडसू नहीतं काय बी करसू. तुले काय करनं?"

त्यानंतर त्यांनी चालीसगावपर्यंत तोंड फिरवून घेतलं. तिला रडू येत होतं, पण आपण चुकलो असं काही केल्या वाटत नव्हतं. तिने मनाशी हिशेब केला की परीक्षेला पाच महिने आहेत, आणि सगळ्यात कच्चं आहे ते बेडकाचं विच्छेदन. कॉलेजात दोघांत मिळून एक बेडूक मिळे, सुरी मुलाच्या हातात, आणि मुलींनी लांबून बघायचं.

कळसाडीत ही बातमी त्यांच्या आधीच पोचल्यासारखी होती. जिभाऊ म्हणाले, चला, अक्कल तरी आली. गिरधर पाटील पोरीशी बोलत नव्हते, तिच्या ताटापासून लांब बसत होते. पण शहाद्याच्या बाजारात चुनीलाल शेठनी विचारलं तेव्हा चार माणसांत ते मोठ्याने म्हणाले, "त्यासनी काय नही म्हनं नही. आम्हीच नही म्हनं. मन्ही पोरले क्लासनी गरज नही." हे बरोबर असलेल्या खात्या गड्याने ऐकलं आणि घरी येऊन सुगंधाला सांगितलं. खात्या त्यांच्याकडे सालाने कामाला होता, सातपुड्याकडचा भिल्ल, तीस-बत्तीस वर्षांचा. त्याच्याशी ती लहानपणापासून मोकळी बोले.

तिने त्याला बेडूक आणून द्यायला सांगितलं. त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटात चार बेडूक घेऊन आला.

कॉलेजातल्या डेमॉन्स्ट्रेटर बाईंनी सुटीआधी तिला क्लोरोफॉर्मची छोटी बाटली आणि जुनी सुरी दिली होती. एका फुटक्या परातीत तिने मेण ओतून थर केला. टाचण्या नव्हत्या, म्हणून बाभळीचे काटे घेतले. गुरांच्या गोठ्यात, दिवसाउजेडी, गव्हाणीच्या कडेला परात ठेवून ती कामाला लागली. पहिल्या बेडकाचं तिने वाटोळं केलं. दुसऱ्याचं पोट नीट उघडलं. आत हृदय अजून हलत होतं. खात्या वाकून बघत होता. त्याने विचारलं, माणसाचंही असंच हलतं का. ती म्हणाली, असंच, फक्त त्यात एक कप्पा जास्त. खात्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

माळकऱ्यांच्या घरात गोठ्यात बेडूक चिरतात हे चार दिवसांत गावभर झालं. बायका पाण्याला येता-जाता डोकावू लागल्या. घर बाटलं म्हणाल्या. धनुबाईने लेकीला काही विचारलं नाही, पण गोठ्यातून आली की आधी मागच्या अंगणात डोक्यावरून पाणी घ्यायला लावी, आणि मगच घरात घेई. अंघोळीचं पाणी मात्र रोज तापवलेलं असे. जिभाऊ एके दुपारी अंगणात उभे राहून ओरडले की हे असलं माझ्या घरात चालणार नाही, फेका ते. गिरधर पाटील खळ्यावरून येत होते. ते गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. पोरीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"गोठा मन्हा वाटामा शे," ते भावाला म्हणाले. "मन्हा गोठामा काय करानं ते मी देखसू."

सुटी संपेपर्यंत तिने अकरा बेडूक केले. पुढे धुळ्याला परत गेल्यावर बाकीचा अभ्यास. इंग्रजीसाठी ती रोज वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचायची, तेही वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता. वसतिगृहातल्या मुली हसत. तिने वाचणं थांबवलं नाही, आवाज थोडा वाढवला.

जूनमध्ये निकाल लागला. मार्क चांगले होते, पण डोळे दिपावेत असे नव्हते. फिजिक्सने दगा दिला होता. जुलैच्या सुरुवातीला मुलाखतीचं पत्र आलं. तेव्हा ती स्वतः बापाकडे गेली. म्हणाली, तुम्ही सोबत चला. गिरधर पाटील म्हणाले, खात्याला घेऊन जा, नाहीतर मामाला. ती म्हणाली, तुम्ही आलात तर जाईन. त्यांनी खुंटीवरची टोपी काढून झटकली. मग धनुबाईला म्हणाले, धोतर धुवायला काढ.

पुण्यात मुलाखतीच्या इमारतीत लांब व्हरांडा होता. पँट-शर्टातली मुलं आणि त्यांचे कोटातले वडील बाकांवर बसले होते. गिरधर पाटील सगळ्यात पुढच्या बाकावर, टोपी डोक्यावर ठेवून बसले.

आत तिघे होते. गाव विचारलं. ती म्हणाली, कळसाडी. कुठे आलं हे? शहाद्याजवळ, तापीच्या उत्तरेला. वडील काय करतात?

"शेतकरी आहेत. बाहेर बाकावर बसले आहेत."

मग अभ्यासाचे प्रश्न झाले, काही इंग्रजीत. दोन तिला आले नाहीत, तिने तसं सांगितलं. किती बेडूक उघडले असं एकाने विचारलं, आणि बाभळीच्या काट्यांचं ऐकून तो पुढे वाकला. काटा मेणात मोडत नाही का? ओला घेतला तर मोडत नाही, ती म्हणाली. शेवटी मधले वयस्कर गृहस्थ म्हणाले की दर वर्षी मुली जागा अडवतात, मग लग्न होतं आणि शिक्षण चुलीत जातं. तुझंही तेच होणार. मग ही जागा एखाद्या मुलाला का देऊ नये?

"सर, डॉक्टर झालेल्या मुलांचीही लग्नं होतात," सुगंधा म्हणाली. "त्यांना हे विचारता का?"

एकजण हसला. वयस्कर गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जायला सांगितलं.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत सहावा नंबर होता. देवस्थळींच्या सातांपैकी पाच मुलं पहिल्याच यादीत होती, हे चुनीलाल शेठकडून कळलं. क्लास लावला असता तर तिचंही नाव तिथे असतं का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तिलाही नाही. ती शेतात जाई, निंदणी करी, आणि बायका काही बोलल्या की सरळ त्यांच्या तोंडाकडे बघे.

जुलैच्या शेवटी चुनीलाल शेठ स्वतः कळसाडीला आले. देवस्थळींचा निरोप होता. अजून काही हाताबाहेर गेलेलं नाही, प्रतीक्षा यादी पुढे-मागे होऊ शकते, क्लासची फी भरून टाका, मी एक शब्द टाकतो. गंमत अशी की या वेळी जिभाऊच म्हणाले, भरा. आता सगळ्या तालुक्याला माहीत झालंय, पोरगी घरी बसली तर तोंड दाखवायला जागा नाही. त्यांनी पैसेसुद्धा काढून दिले.

सुगंधाला कुणी विचारलं नाही. तिला कळलं तेव्हा गिरधर पाटील निघून गेले होते. ती ओसरीवर बसून राहिली. तिला वाटलं, मीच त्यांच्यावर ही पाळी आणली. धनुबाईने पुढ्यात भाकरी ठेवली, ती तशीच राहिली.

दिवस कलायच्या आत गिरधर पाटील परत आले. पुण्याला जाऊन यायला तीन दिवस लागतात. घामाने भिजले होते. त्यांनी अंगणात हातपाय धुतले, पैशाची पुरचुंडी जिभाऊंच्या पुढे नेऊन ठेवली आणि ओसरीवर लेकीजवळ येऊन बसले.

"शहाद्याले गाडीमा बसनू," ते म्हणाले. "दोंडाईचाले उतरी गऊ."

"कसाले उतरनात?"

"त्या घरमातून तू माले उठाडं. आते मी परत जाईसन तठेच बसू का?" मग ते म्हणाले, "जागा भेटनी तं भेटनी. नही तं बी.एस्सी. कर. पन तठे नही."

जिभाऊ आतून ऐकत होते. ते म्हणाले, तुम्ही दोघं बापलेक सारखेच, आणि ते कौतुकाने म्हणाले नव्हते.

ऑगस्टच्या मध्यावर पत्र आलं. काही मुलं दुसरीकडे गेली होती, जागा रिकामी झाली होती. चार दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. पोस्टमनने पत्र दिलं तेव्हा सुगंधा अंगणात होती. तिने ते दोनदा वाचलं आणि बापाला वाचून दाखवलं. गिरधर पाटील जाऊन बैलांना वैरण टाकून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पेटी ओट्यावर आली आणि जिभाऊ आडवे आले. पाच-सहा वर्षं परक्या गावात तरणी पोर राहणार. सारंगखेड्याची मंडळी अजून तयार आहेत. परवा साखरपुडा करा, मग कुठे पाठवायचं तिथे पाठवा. नाहीतर या घरातून तिला एक पैसा मिळणार नाही. गिरधर पाटलांनी सुरुवातीला वाद घातला. मग त्यांचा आवाज खाली आला. एवढं झाल्यावर साखरपुड्यापुरतं ऐकावं, असं त्यांना वाटायला लागलं होतं. ते लेकीकडे बघत म्हणाले, एक दिवसाचंच काम आहे.

"परवा तर मला हजर व्हायचंय," सुगंधा म्हणाली. "मी साखरपुडा करणार नाही. पैसे नका देऊ. कानातलं मोडते."

जिभाऊ संतापून काही बोलणार, तेवढ्यात दारामागे बांगड्या वाजल्या. धनुबाई लग्न होऊन या घरात आली त्याला बावीस वर्षं झाली होती. थोरल्या दिरासमोर तिने इतक्या वर्षांत एक शब्द उच्चारला नव्हता. काही सांगायचं तर पोरांकडून सांगवी. ती पदर कपाळापर्यंत ओढून उंबऱ्याबाहेर आली. हातात दशम्यांचं फडकं होतं. तिने जिभाऊंकडे पाहिलं नाही, पण ओट्याच्या मधोमध उभी राहिली.

"खात्या," ती मोठ्याने म्हणाली, "गाडी जुप. बस चुकी जाई. मी बी येस शहाद्याले."

खात्याने एकदा जिभाऊंकडे पाहिलं, एकदा गिरधर पाटलांकडे. मग तो गोठ्यात गेला आणि बैल सोडून आणले. सुगंधाने पेटीची एक कडी धरली. दुसरी धरायला गिरधर पाटील खाली वाकले.

गाडी वेशीबाहेर पडली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वाटेत कपाशीच्या शेतातल्या बायका उभ्या राहून बघत होत्या. धनुबाईने पदर थोडा मागे सारला आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, कुठे जाताय असं कुणी विचारायच्या आधीच, सांगितलं की लेकीला डॉक्टरकीला पोचवायला चाललोय.